वहिनींचा आवाज

परवा दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला, कूलरची घरघर बंद पडली, आणि मला नकोशी असलेली ती शांतता भवानी पेठेतल्या आमच्या घरात पसरली. सोलापूरच्या एप्रिलात वीज गेली की माणसं उकाड्यानं हैराण होतात. मी शांततेनं हैराण होतो. घर एकदम गप्प झालं की वाटतं, आता वहिनी घसा खाकरतील आणि वाचायला लागतील.

एका उन्हाळ्यात ही शांतता आम्ही हौसेनं, रोज आपल्या हातानं तयार करत होतो. जेवणं उरकली आणि पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट थांबला की आमची धांदल सुरू व्हायची. पंखा बंद, कूलर बंद, फ्रीजची पिन काढलेली. आवाज घुमू नये म्हणून घरातल्या झाडून सगळ्या चादरी भिंतींवर आणि खिडकीवर टांगलेल्या. तापलेल्या सुताचा एक वास असतो, इस्त्रीच्या दुकानात येतो तसा. त्या वासात, मधोमध, मानेभोवती ओला पंचा गुंडाळून माझी वहिनी बसलेली असायची आणि माईकसमोर एकेक वाक्य वाचायची. घामाचा थेंब कागदावर पडला तर त्याचाही आवाज रेकॉर्ड व्हायचा. मग ते वाक्य पुन्हा.

हे सगळं इरण्णासाठी चाललं होतं.

इरण्णा माझा शाळेपासूनचा मित्र. कॉलेजात असताना त्याची नजर हळूहळू जात गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि नोकरी लागेपर्यंत सगळंच गेलं. एका सरकारी कचेरीत तो टेलिफोनवर बसतो. मोबाइल कानानं वापरतो. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते फोन वाचून दाखवतो, आणि तो ऐकून पुढं जातो. इंग्रजीत हे झकास चालतं. मराठीची मात्र तेव्हा दैना होती. फोनमधली बाई 'ळ'ला अडखळायची, 'पंढरपूर'चं काहीतरी भलतंच करायची, प्रश्नचिन्ह असो की पूर्णविराम, एकाच सुरात बोलायची.

"माझ्या मोबाइलमधली बाई मराठी वाचती," इरण्णा म्हणायचा, "पण तिला मराठी येत न्हाय की. दिवसभर परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटतंय बघ."

तो हे हसत म्हणायचा. मला मात्र ते लागायचं, कारण संगणक हा माझा प्रांत. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक सांभाळतो, आणि खुल्या सॉफ्टवेअरचं मला तेव्हा वेड होतं. आहे अजूनही, पण तेव्हा भक्ती होती. तिचं मूळ एका खेळात होतं. विद्यार्थी असताना मी एक खेळ विकत घेतला होता, पैसे साठवून. इंटरनेटवर चार-पाच मित्र मिळून आम्ही तो खेळायचो. त्यात आम्ही एक गाव वसवलं होतं, विहिरी खणल्या होत्या, तटबंदी बांधली होती. एके दिवशी कंपनीनं तिचे सर्व्हर बंद केले. गाव गेलं. डबा माझ्या कपाटात होता, सीडी माझ्या हातात होती, आणि खेळ कुठंच नव्हता. विकत घेतलेली वस्तू आपली नसते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर मी खुल्या सॉफ्टवेअरकडे वळलो. कुणीतरी जर्मनीत, कुणीतरी केरळात बसून लिहितं, आतलं सगळं उघडं ठेवतं, आणि सांगतं: घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. त्याच्या लायसन्समध्ये, म्हणजे वापरायच्या परवान्यात, काही कलमं अशीही असतात, की जो घेईल आणि सुधारेल त्यानं ती सुधारणा पुन्हा सगळ्यांना द्यायची. मला ही अट फार आवडायची. आमच्याकडे शेजारणीकडून वाटीभर काही आलं तर वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. जगभरच्या अनोळखी माणसांनी तोच रिवाज लेखी करून ठेवला आहे, असं मला वाटायचं. लॅबमधल्या जुन्या यंत्रांवर मी तेच चढवलं, नातेवाइकांच्या लॅपटॉपवर चढवलं. चहाच्या गाड्यावर मी बोलायला लागलो की लोक कप घेऊन लांब जायचे.

मंदार लांब जायचा नाही. तो माझा कॉलेजमधला मित्र, आमच्यापेक्षा खूपच हुशार, पुण्याला नोकरीला. मराठीत नीट बोलणारा, सगळ्यांसाठी मोकळा असणारा आवाज बनवायचा प्रकल्प त्यानं सुरू केला होता. त्यासाठी एकाच माणसाची हजारो वाक्यं स्वच्छ रेकॉर्ड करायची, मग ती यंत्राला शिकवायची, की त्या आवाजात यंत्र काहीही वाचू शकतं. इरण्णाचं ऐकून मीच मंदारला सोलापूरला बोलावलं. आठवडाभर तो आमच्याकडे राहिला. वहिनींच्या हातची शेंगाचटणी भाकरीवर घेऊन खाताना त्यानं वहिनींचं बोलणं ऐकलं आणि तो जेवता जेवता थांबला.

"सुहास, आवाज इथंच आहे की," तो म्हणाला.

शैलजावहिनी प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. माहेर अक्कलकोटकडचं, घरची बोली कानडी. त्यांच्या मराठीत त्यामुळं एक हेल आहे. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर जातो, पायरी चढल्यासारखा. याचीच त्यांना लाज.

"माझा कशाला? एखादी पुण्याची बाई बघा. शुद्ध बोलणारी."

तेव्हा इरण्णा तिथंच बसला होता. म्हणाला, "वहिनी, शुद्ध लई झालं. मला घरातला आवाज पायजे."

 वहिनींनी मंदारला एकच प्रश्न विचारला. "माझा आवाज दिला तर पुढं त्याचं काय करणार?"

"तो सगळ्यांचा होणार, वहिनी," मंदार म्हणाला. "ज्यांना दिसत नाही त्यांना फुकट मिळणार. कुणाला वापरायचा असला तर त्याला आपली अट पाळावी लागेल, स्वतःचं कामही मोकळं ठेवावं लागेल. कुलूप लावून कुणी विकू शकणार नाही. मी आहे ना."

'मी आहे ना' हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. त्या वेळी तो खोटं बोलत होता असं मी आजही म्हणणार नाही.

दादा, म्हणजे माझा भाऊ, कुर्डुवाडीला रेल्वेत. सकाळी जायचा, दिवस मावळल्यावर यायचा. दुपारचं घर आमच्या ताब्यात. मंदार पुण्याला परत गेल्यावर वहिनी आणि मी उन्हाळाभर रेकॉर्डिंग करत राहिलो. वाचायची वाक्यं मोठी विचित्र होती. भाषेतले सगळे ध्वनी यावेत म्हणून बनवलेली. 'झाकणाखालच्या ठिणग्या ढवळू नका.' 'घड्याळजीनं छत्री उघडून ज्ञान पाजळलं.' वहिनींना हसू आवरायचं नाही, आणि त्या हसल्या की मीही हसायचो, की पुन्हा पहिल्यापासून. काही वाक्यं त्या वाचायलाच नकार द्यायच्या. "असं कुणी बोलतं का भावजी? मी बोलते तसं लिहा." मग पेन्सिलनं आम्ही ती बदलायचो.

शेवटी शेवटी भावना असलेली वाक्यं आली. रागाचा सूर, आनंदाचा सूर. एक होता धीर देण्याचा. तो त्यांना काही केल्या जमेना, उसना वाटायचा. मी म्हटलं, "वर्गात एखाद्याचं गणित चुकलं, रडायला लागला, तर काय म्हणता?" वहिनींनी डोळे मिटले. मग इतक्या मऊपणे बोलल्या, की हेडफोन लावून बसलेल्या मला माझी चौथीची परीक्षा आठवली. "जाऊ दे. अजून एकदा बघ. जमेल तुला." त्या सुरात त्यांनी मग सगळी पानं वाचली. बाहेर ऊन रस्ता भाजत होतं. आत आम्ही घामानं निथळत होतो, आणि मला वाटत होतं की आयुष्यात यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून होणार नाही.

पावसाळा संपता संपता आवाज तयार झाला. इरण्णाच्या फोनमध्ये मीच तो घातला. त्यानं पहिल्यांदा कचेरीतलं एक परिपत्रक उघडलं, पाणीपट्टीबद्दलचं. वहिनी शेजारी उभ्या होत्या, आणि फोनमधून वहिनीच पाणीपट्टीबद्दल बोलत होत्या, वाक्याच्या शेवटी तीच पायरी चढत. इरण्णा मान खाली घालून ऐकत राहिला. परिपत्रक संपलं तेव्हा म्हणाला, "आणखी एक लावतो." त्या दिवशी त्यानं साठलेले मेसेज, जुनी बातमीपत्रं, औषधाच्या बाटलीची माहिती, सगळं ऐकलं. पुढं वहिनी भेटल्या की त्याची थट्टा ठरलेली. "काल दिवसभर तुमी माझ्याशी बोलत होता. दमला न्हाय का?" अनोळखी लोकांचे निरोपही यायला लागले, जालन्याहून, बेळगावहून. एका मुलीनं लिहिलं की तिची परीक्षेची पुस्तकं आता ही बाई वाचते. वहिनींनी ते वाचून फोन पदरानं पुसला आणि ठेवून दिला.

दोन उन्हाळे तसे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, शाळेचे निकाल लागायच्या सुमारास, वहिनी आणि मी बाजारातून परतताना उसाचा रस प्यायला थांबलो. पत्र्याखाली बाकडी, चरकाचे घुंगरू वाजत होते. शेजारच्या बाकावर विशीतला एक तरुण मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळत होता, पैसे लावून खेळतात तो. त्याचा डाव गेला असावा, कारण तो पुटपुटला आणि फोन बंद करायला लागला. तेवढ्यात फोन बोलला.

"जाऊ दे. पुढचा डाव तुझाच आहे."

वहिनींच्या हातातला ग्लास हातातच राहिला. मी चरकाकडे बघत होतो. मला आधी वाटलं, त्याच बोलल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

तरुणानं फोन बंद केला नाही. अंगठा हलला, पत्ते पुन्हा वाटले गेले.

"आकाश," वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्याला ओळखलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा. तो गडबडून उभा राहिला. "बाई, तुमी?" त्यानं फोन पाठीमागं नेला.

"कोण बोललं ते आत्ता?"

"ते... गेममधलं हाय बाई. हरलं की बोलतंय." मग तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या ध्यानात आलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "मला सारखं वाटायचं की वळखीचं कुणीतरी हाय. म्हणून बंद करवत नव्हतं."

वहिनींनी रस तसाच ठेवला. 

मंदारला मी दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन केला. त्यानं नाकारलं नाही. ते जास्त वाईट होतं.

"बघ सुहास, सगळं नियमात आहे. लायसन्समध्ये बसतं."

"आपल्या लायसन्समध्ये बसत नाही. परत द्यायची अट होती."

"ती मी गेल्या वर्षी काढली. प्रकल्पाचे हक्क माझ्या नावावर होते, म्हणून काढता आली. त्या अटीपायी कुणी हात लावायला तयार नव्हतं. सर्व्हर कोण चालवणार? मी किती वर्षं खिशातून चालवायचे? एका कंपनीनं सगळं घेतलं, मलाही घेतलं. तिथून तो आवाज पुढं कुणाकुणाला जातो, ते माझ्या हातात नाही."

"वहिनींनी होकार कशासाठी दिला होता? इरण्णासाठी."

 "त्यांनी सही केलेल्या होकारपत्रावर इरण्णाचं नाव नव्हतं रे," तो म्हणाला. तो दुष्टपणे बोलत नव्हता. एखाद्या अडाणी माणसाला समजावतात तसा बोलत होता, आणि तो सूर ऐकून मला कळलं की आमची मैत्री संपली आहे, आणि ती कधी संपली ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.

जगभरातल्या त्या अनोळखी माणसांवर माझा अजून भरवसा होता. मी प्रकल्पाच्या चर्चेत सगळं सविस्तर लिहिलं. उत्तरं आली. बरेच जण हळहळले. काहींनी कलमांवर आपसात वाद घातला आणि तो वाद त्यांना फार आवडला असावा. एकानं सुचवलं की जुनी प्रत घ्या आणि वेगळी चूल मांडा. खुल्या सॉफ्टवेअरमधली ही शेवटची पळवाट, आणि मी स्वतः ती कितीतरी जणांना अभिमानानं सांगितली आहे: पटलं नाही तर प्रत घ्यायची आणि आपल्या वाटेनं जायचं. प्रोग्रामचं तसं होऊ शकतं. बाईच्या गळ्याचं कसं व्हायचं? मी हजार प्रती घेतल्या तरी तिकडची प्रत आकाशच्या कानात बोलायची थांबणार नव्हती. इतकी वर्षं मी देणारा म्हटलं की डोळ्यांसमोर माझ्यासारखा कोणीतरी आणायचा, कीबोर्डवर बसलेला, कलमं समजणारा. पंचा ओला करून उकाड्यात बसलेली बाई त्या कलमांत कुठंच नव्हती, आणि हे कुणालाच, मलाही, कधी खटकलं नव्हतं.

मी आजही तीच सॉफ्टवेअरं वापरतो. दुसरीकडे जाऊन काय मिळणार, तिथला खेळ मला माहीत आहे. पण आता चहाच्या गाड्यावर मी बोलत नाही.

पैशांच्या खेळांवर पुढं बंदी आली आणि तो पत्त्यांचा खेळ गेला. आवाज गेला नाही. तो आता सदनिका विकतो, केसांचं तेल विकतो, अनोळखी नंबरावरून फोन करून 'नमस्कार, दोन मिनिटं बोलू का' असं विचारतो. दादाला आला, शेजारच्या काकूंना आला, इरण्णाला तर कचेरीत आठवड्यातून चारदा येतो. एकदा तो स्वतः वहिनींना आला. त्या नमस्कार ऐकून घेऊन फोनकडे बघत बसल्या, तो पलीकडून बोलतच होता.

इरण्णानं वहिनींचा आवाज त्याच्या फोनमधून काढून टाकला. मला आधी सांगितलं नाही. मी गेलो तेव्हा ती जुनीच परदेशी बाई 'ळ'ला अडखळत वाचत होती.

"का रे?"

"सकाळी त्या मला परिपत्रक वाचून दाखवणार, दुपारी त्याच मला फ्लॅट विकणार. डोकं फिरतंय सुहास. कुठलं खरं धरायचं? ही बाई बरी. हिचं काही आपल्याला लागत न्हाय."

वहिनींना हे कळलं. त्या बदलल्या. वर्गात धडा मोठ्यानं वाचून दाखवायच्या, ते सोडलं. मुलांकडून वाचून घेतात. मागं एकदा माझा पुतण्या सायकलवरून पडून रडत आला. त्याला जवळ घेऊन त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं, आणि मधेच थांबल्या. नुसता पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझ्या डोळ्यांदेखत झालं ते. मंदारनं काय विकलं, हे कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन.

मागच्या रविवारी मंदार आला. सोलापुरात कुणाचं तरी लग्न होतं, तिथून न कळवता थेट घरी. हातात पेढ्यांचा पुडा. मी दारातच अडखळलो. वहिनींनी मात्र आतून येऊन खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. ताट वाढलं. तो जेवत असताना भाकरी संपायच्या आत दुसरी वाढली, मिठाची वाटी सरकवली, आमटी वाढू का असं नुसत्या पळीनं विचारलं. एक शब्द बोलल्या नाहीत.

तो आधी पुण्याच्या रहदारीबद्दल बोलला, मग लग्नाबद्दल. त्याचं बोलणं हळूहळू कमी झालं. शेवटी हात ताटात ठेवून म्हणाला, "वहिनी, रागावा तरी. काहीतरी बोला."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, पाहुण्याकडे बघतात तसं, आणि ताकाचा पेला भरून त्याच्यासमोर ठेवला.

तो ताक न पिता उठला. हात धुतले, मला म्हणाला, "येतो," आणि गेला. रिक्षाचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत वहिनी दाराशी उभ्या होत्या. मग आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, इरण्णाला फोन लावा. किती दिवसांत बोलले नाही त्याच्याशी."

मी माझ्या फोनवरून लावत होतो, तर म्हणाल्या, नको, माझ्यावरून लावा. त्यांचा फोन नवा होता, नंबरही नवा. तेलवाल्यांच्या फोनांना कंटाळून बदललेला. लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून इरण्णाचा आवाज आला. वहिनी सहज म्हणाल्या, "नमस्कार इरण्णा, दोन मिनिटं बोलू का?"

फोन कट झाला.

वहिनींनी तो कानावरून काढला नाही. मी पुन्हा लावला. या वेळी इरण्णानं लगेच उचलला, पण काही बोलला नाही, नुसता ऐकत राहिला.

"अरे, मी शैलजावहिनी," त्या म्हणाल्या.

"व्हय का," पलीकडून इरण्णा सावधपणे म्हणाला. "खऱ्या?"

 आता काय बोललं म्हणजे त्याला पटेल, हे वहिनींना सुचेना.